टोकापर्यंतचं पाणी

आश्विन लागला की आमच्याकडचं आभाळ हात झाडून मोकळं होतं. धान नेमका पोटरीत आलेला असतो, उद्या-परवा लोंबी बाहेर पडेल अशा बेतात, आणि पाऊस पाठ फिरवतो. बांध्यांतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यांतलं पाणी आटतं, चिखलाला बारीक भेगा पडतात. माणसं सकाळी आभाळाकडे बघतात आणि संध्याकाळी तलावाकडे. मग गाव बसतं, थोडं भांडतं, आणि तलावाचं तुडूम उघडायचं ठरतं. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीच्या, मातीच्या बांधाच्या पोटातून पाणी बाहेर सोडायचं तोंड. ते उघडलं की आधी घसा खाकरल्यासारखा आवाज येतो आणि मग पाणी धावत सुटतं. मी आता गोंदियात राहते. इथं राईस मिलचे भोंगे आहेत, गच्चीतल्या तुळशीवर रोज बसणारी काळी राख आहे, रेल्वेच्या घोषणा आहेत. तरी आश्विनातल्या कोरड्या सकाळी तो आवाज मला ऐकू येतो, आणि दिवसभर काही सुचत नाही.

नेमक्या याच दिवसांत मी अकरावीच्या वर्गाला प्रकाशसंश्लेषण शिकवते. फळ्यावर एक पान काढायचं, त्याच्याकडे जाणारे तीन बाण काढायचे. ऊन, पाणी, हवा. तिन्ही मिळालं की पान अन्न तयार करतं. मुलांना फार सोपं वाटतं. कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तीनोंमें सबसे जरूरी कौन?" मी ठरलेलं उत्तर देते, की जे सगळ्यात कमी पडेल ते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला हे उत्तर पुरेसं वाटायचं.

आम्ही कोहळी. तलाव बांधणारी माणसं, असं लोक म्हणतात, आणि आम्हीही छाती फुगवून सांगतो, जणू कालच एखादा बांधून आलो. बांधले पूर्वजांनी, मिरवतो आम्ही. माझे बाबा मात्र त्या मिरवण्यातले नव्हते. ते गावचे पाणकर होते. तलावाचं पाणी सुटलं की फावडा खांद्यावर टाकून पाण्याच्या पुढे पुढे चालायचं, एका बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा मातीचा बांध फोडायचा, ती भरली की बुजवायचा, दुसरीचा फोडायचा. तुडुमाजवळच्या बांध्यांना पाणी मिळतंच, त्यात पाणकराची काही करामत नाही. त्याची परीक्षा टोकाला. पार शेवटच्या बांधीला पाणी पोचलं तर तो पाणकर, नाहीतर नुसता फावडेवाला. बाबा जेवायला बसले तरी त्यांचं मन टोकाला असायचं.

टोकाच्या बांधीत पाणी शिरून पलीकडच्या धुऱ्याला लागलं की बाबा तिथून हाक द्यायचे, "भेटलं होऽऽ!" तुडुमाजवळ आई उभी असायची. ती तुडुमाचं तोंड बंद करायची आणि उलट हाक द्यायची, "बंद केलं होऽऽ!" हे उत्तर आल्याशिवाय बाबा टोकावरून हलत नसत. मधे एवढा मोठा हिरवा पसारा, आणि त्यावरून दोन आवाज जातायत-येतायत. घरात ती दोघं एकमेकांशी जेमतेम बोलत. लहानपणी मला वाटे, आईबाबांचं खरं बोलणं वर्षातून याच दिवसांत होतं.

मग बाबांची मूत्रपिंडं थकली. गोंदियाला डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी ते बल्लारशा गाडीनं माझ्याकडे यायचे आणि बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी परत गावी. डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं. एका बाटलीवर खूण केली आणि सांगितलं, दिवसभरात एवढंच, त्यात चहा आला, वरणही आलं. बाबांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्यात तं चिमनी बी आंग धुनार नाही." डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण बाबाही हसत नव्हते. ज्या माणसानं आयुष्यभर गावाला पाणी वाटलं, त्याला आता घोट मोजून मिळणार होते.

चिखलात उतरायचं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे धानाची रोवणी नाही, धुरे नाहीत, पाणकरकी नाही. त्या आषाढात घराच्या ओट्यावर बसून बाबांनी दुसऱ्यांची रोवणी पाहिली. मग एक दिवस कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेले आणि नर्सरीतून आंब्याची पाच-सहा कलमं घेऊन आले. काळ्या पिशव्यांतली, हिरव्या जाळीखाली वाढलेली, नाजूक, गडद पानांची. आई दारातच म्हणाली, "हे फळ धरतपावतर कोन राहीन?"

"तू राहशीन ना," बाबा म्हणाले. "तुले आंबा आवडते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला काय आवडतं हे त्यांनी असं उघड कधी म्हटलं नव्हतं. आई आत जाऊन शेणखताची टोपली घेऊन आली.

घरामागच्या वाडीत कलमं लागली. आमची वाडी कन्हार मातीची, काळी, चिकट, एकदा भिजली की आठवडाभर पाणी न सोडणारी. धानाला ती सोन्यासारखी. एक कलम उरलं, वाडीत जागा नव्हती, म्हणून बाबांनी ते तलावाच्या पाळीवर नेलं, पाळीच्या अगदी दुसऱ्या टोकाला, आणि भोवती बोरीच्या काट्या रोवल्या. तेव्हा त्यांच्या पायांत तेवढं बळ होतं. "हे टोकाचं," ते म्हणाले. "याच्याकडं ध्यान ठेवा लागीन."

श्रावण-भादव्यात काळजीचं कारण नव्हतं. सूर्य आठ-आठ दिवस दिसत नव्हता. ढगाळ दिवसांत झाड थोडं अर्धपोटीच असतं, उजेड कमी म्हणून अन्न कमी. मग ते पानं रुंद करतं, जास्त हिरवी करतं, मिळेल तेवढा उजेड गोळा करतं. बाबांना वाटलं, झाडं बाळसं धरतायत. मी गेले की हात धरून दाखवायचे. त्या दिवसांतले बाबा मला सगळ्यात जास्त आठवतात. डोक्यावर पावसाचं पानांचं घोंगतं, पायांना सूज, आणि तोंडावर असा आनंद की पाहणाऱ्यानं नजर चुकवावी.

आणि मग आश्विन आला. ढग गेले, आणि सावलीत वाढलेल्या त्या पानांवर एकदम आश्विनातलं ऊन पडलं. पानांवर पांढुरके डाग उठले. बाबांनी बरोबर ओळखलं, ऊन लागलं म्हणून. त्यांनी प्रत्येक रोपावर पळसाच्या फांद्यांचा छोटा मांडव घातला. तो अगदी योग्यच होता, मी वर्गात शिकवते तसाच. पण पुढचं काम त्यांनी धानाच्या माणसासारखं केलं. प्रत्येक रोपाभोवती मातीचा चौकोनी धुरा घातला, बोटांनी लिंपून गुळगुळीत केला, आणि आतमध्ये पाणी भरून ठेवलं. वाडीत चार-पाच चिमुकल्या बांध्या, आणि प्रत्येकीत मधोमध आंब्याचं एक कलम, गळ्यापर्यंत प्रेमात बुडालेलं.

आम्हा लोकांना पाणी म्हणजे उभं पाणी. पायाचा घोटा बुडाला तर पाणी दिलं, नाहीतर नुसतं शिंपडलं. ही चूक दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या शेतकऱ्यानं केली नसती. कोरडवाहू माणूस झाडाला तांब्यानं पाणी घालतो आणि हात आखडतो. आमचा हात आखडत नाही.

मूळसुद्धा श्वास घेतं. मातीतली हवा संपली की ते गुदमरतं, आणि गुदमरलेल्या मुळाला पाणी वर ओढता येत नाही. भोवती तळं साचलेलं, आणि वर पानं तहानेनं मान टाकतात. बुडणारं झाड आणि तहानलेलं झाड दिसायला अगदी सारखं असतं. बाबा दुपारी वाडीत यायचे, माना टाकलेली रोपं बघायचे, कळवळायचे, आणि आणखी दोन बादल्या ओतायचे.

मी तेव्हा रजा काढून गावी गेले होते. बोट खुपसून माती हुंगली. गाळाचा आंबट वास. मी त्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, "बाबा, मुळाला हवा लागते. पाणी कमी करा."

"हवा?" ते म्हणाले. "हवा पानाले लागते. मुळाले पानी. धान काऊन नाही मरत मंग?"

मी सांगितलं की धानाच्या काडीत पोकळी असते, धान वरची हवा त्या पोकळीतून खाली मुळापर्यंत नेतो, आंब्याला ते जमत नाही. हे त्यांना फार आवडलं. त्यांनी धानाची एक काडी मोडून उजेडाकडे धरली, आत पाहिलं. "म्हनजे धान शहाना आहे म्हन ना," ते म्हणाले. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर बादली घेऊन वाडीत हजर. "दुपारी त्याहिची मान पाहिली नाही का तू?" मला म्हणाले. "मी पाहून राहिलो रोज. तहान मले समजते, बाई." पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मनात म्हटलं, आणि मग शेवटचं वाक्य पुन्हा ऐकू आलं.

त्यांना तहान समजत होती. भर दुपारी ते बोलत नसत, कारण "बोललं का तोंड सुकते". जिभेखाली लवंग धरून, ओठ मिटून, ओट्याच्या सावलीत बसून राहायचे. आंब्याचं कोवळं रोपही दुपारी असंच करतं. पानाखाली बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत येते आणि पाणी बाहेर निसटतं. ऊन फार झालं की पाणी वाचवायला पान ती छिद्रं मिटून घेतं. मग हवाही बंद आणि अन्नही बंद. डोक्यावर एवढं ऊन वाढून ठेवलेलं असतं आणि झाड उपाशी बसतं. मी दारातून बघायची. इकडे ओट्यावर बाबा, तिकडे वाडीत रोपं, सगळे तोंड मिटून दुपार सरायची वाट बघतायत.

मी आणि आईनं मग चोरून एक काम केलं. संध्याकाळी ते आडवे झाले की वाडीत जाऊन प्रत्येक धुऱ्याला काडीनं भोक पाडायचं. पाणी वाहून जायचं. सकाळी बाबा यायचे, भोक बघायचे आणि चिखलानं बुजवत पुटपुटायचे, "खेकडे लय माजले." धुऱ्याला भोकं पाडतात ती खेकडेच, हे आमच्याकडे कुणालाही माहीत असतं. पण ते शेतात. वाडीत खेकडा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि त्यांनीही पाहिला नसणार. आठवडाभर आमचे खेकडे भोकं पाडत राहिले आणि ते बुजवत राहिले. एकदा बुजवता बुजवता त्यांनी आईकडे पाहिलं. वाकताना त्यांना दम लागत होता, पाय सुजून टम्म झाले होते, तरी ते पुढच्या धुऱ्याकडे सरकले.

त्या संध्याकाळी मी काडी घेऊन निघाले तर आईनं माझा हात धरला. "नोको जाऊ आता," ती म्हणाली.

"अगं, मरतील रोपं. त्यांना नीट सांगू या एकदा, की तुमच्या पाण्यानंच मरतायत."

"सांगशीन, मंग? डॉक्टरनं त्याहिचं पानी बंद केलं. आता त्याहिच्या हातचं बी तू बंद कर." ती चुलीपुढे बसली. "त्याहिच्या पायात पानी साचलं, झाडाच्या बी पायात साचलं. दोघाइचं एकच दुखनं, बाई. झाड मी अजून आनीन बजारातून. त्याहिले कुठून आनू?"

मी काडी चुलीत टाकली. अति तिथं माती, असं आपण किती सहज म्हणतो. त्या घरात तेव्हा अति करायला बाबांजवळ दुसरं काहीच उरलं नव्हतं. मला आजही वाटतं, आईचं बरोबर होतं. आणि आजही मनातल्या मनात मी त्या धुऱ्यांना भोकं पाडत असते.

त्यानंतर कुणी भोक पाडलं नाही. पानं पिवळी पडली, मग कडेनं तपकिरी झाली, मग गळली. पान गेलं की कमावणारं कुणी उरत नाही. काडी काही दिवस साठवलेल्यावर तग धरते, नखानं खरवडलं तर हिरवी दिसते, म्हणून माणूस आशा धरून राहतो. बाबा नखानं खरवडून बघायचे. दिवाळीपर्यंत वाडीतलं एकही रोप हिरवं राहिलं नाही. बाबांनी पाणी मात्र थांबवलं नाही.

शेवटी त्यांना वाडीतही जाता येईना. खाटेवर पडून ते एकाच रोपाबद्दल विचारायचे. वाडीतली गेली ती गेली, त्यांना निदान पाणी मिळालं होतं. त्यांना खात होतं ते पाळीवरचं. तिथपर्यंत पाय नेत नव्हते, आणि तिथं बादली नेणारं कुणी नव्हतं. तहानेनं मेलं असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. "टोकाचं राहून गेलं," ते म्हणायचे. "एवढी वर्सं टोकाले पानी पोचोलं, आन् माह्या हातचंच टोक राहिलं."

मार्गशीर्षात कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे गंज्या लागल्या होत्या तेव्हा ते गेले. आदल्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, "त्या टोकाच्याले पानी भेटलं का?"

"भेटलं," आई म्हणाली.

बाबांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाक कोनं देल्ली? मी तं आइकली नाही."

आईनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

नंतर मी तिला गोंदियाला घेऊन आले. शेती चुलतभावाकडे दिली. आई गावी जायची, पण तलावाकडे कधी जायची नाही. पाळीच्या त्या बाजूला बेशरमाच्या रानटी झुडपांचं रान माजलं होतं, तेवढं कारण तिला पुरायचं. बाजारातून झाड आणीन म्हणाली होती, तेही तिनं आणलं नाही. दोन पावसाळे गेले. मी फळ्यावर दोनदा तीन बाण काढले.

यंदा आश्विनात चुलतभावाचा फोन आला, तुडूम उघडतोय म्हणून. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "जाऊन येऊ." गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती, मी तिच्याकडे. गावात उतरल्यावर ती घराकडे वळलीच नाही, सरळ पाळीनं चालू लागली. खाली पाणी धावत होतं, बांध्या एकेक करून चकाकत होत्या. पाळीच्या टोकाला बेशरमाची झुडपं आमच्या डोक्याएवढी झाली होती. आईनं पदर खोचला आणि हातानं ती बाजूला सारली. मधे बोरीच्या काट्या होत्या, वाळून राखाडी झालेल्या. आणि काट्यांच्या आत आंबा होता.

आईच्या कमरेला लागत होता. खालची पानं गडद, टणक. आणि शेंड्याला नवी पालवी, तांबूस, ओली वाटावी अशी, खाली लोंबणारी. आंब्याचं कोवळं पान तांबडं असतं तोवर ते फारसं कमवत नाही, जुन्या पानांच्या जिवावर वाढतं. ज्या झाडाला घरात चार तोंडं पोसायची ऐपत आहे, तेच अशी पालवी फोडतं. मी गुडघे टेकून माती पाहिली. ओलसर होती, मऊ होती, बोटांतून सुटत होती. पाळीला उतार, म्हणून पाणी साचलं नव्हतं. तलावाचा पाझर आतून येत होता, म्हणून तहान लागली नव्हती. आणि भर दुपारचं ऊन ज्या बेशरमाला गाव शिव्या घालतं त्यानं अडवलं होतं, शेळ्यांपासूनही त्यानंच लपवलं होतं. मी फळ्यावर काढते ते तिन्ही बाण इथं आपापल्या बेतानं येत होते. बाबांचा हात पोचला नाही एवढ्याच एका कारणानं हे झाड जगलं होतं, आणि ते कळून मला आनंद व्हायच्या आधी रडू आलं.

"याले पानी कोनं देल्लं?" आईनं विचारलं.

"तलावानं दिलं. आतून झिरपतं."

"म्हनजे त्याहिच्याच तलावानं," आई म्हणाली. ती पानांवरची धूळ पदरानं पुसत राहिली, एकेक पान, खालून वर. तांबड्या पानांना तिनं हात लावला नाही.

मग ती उठली आणि पाळीच्या कडेला जाऊन उभी राहिली. इथून तुडूम दूर, पार दुसऱ्या टोकाला. मधे सगळा धान. आयुष्यभर ती त्या बाजूला उभी राहिलेली, उत्तर देणारी. टोकावरून हाक तिनं कधी दिली नव्हती. तिनं हाक मारायला तोंडाशी हात धरले. आवाज चिरका निघाला, पण सगळ्या बांध्यांवरून गेला.

"भेटलं होऽऽ! टोकाच्याले पानी भेटलं होऽऽ!"

खाली बांधीत वाकलेली दोन-तीन माणसं उभी राहून बघू लागली. तुडुमाजवळ कुणी नव्हतं. आई तिकडे तोंड करून उत्तराची वाट बघत उभी राहिली. उत्तर आल्याशिवाय टोकावरून हलायचं नसतं. मी तिला चल म्हटलं नाही.